बारावीनंतर डिझाईनला जायचंय? परीक्षा, पात्रता आणि कागदपत्रं, पुण्यातल्या मुलांसाठी सगळं एका ठिकाणी

दर वर्षी डिसेंबर उजाडला की एकच प्रश्न सुरू होतो, ताई डिझाईनचा फॉर्म अजून भरता येईल का. आणि बऱ्याचदा उत्तर द्यावं लागतं की नाही रे, आयआयटीचा तर गेला. मुलगा किंवा मुलगी चित्रात छान असते, घरचे कसेबसे तयार झालेले असतात, आणि फॉर्मची तारीख निघून गेलेली असते किंवा दाखला चुकीच्या नमुन्यातला निघतो. हे बघून फार वाईट वाटतं म्हणून जेवढं नीट माहिती आहे तेवढं सगळं इथे लिहून ठेवते. अकरावीत असाल तर आत्ताच वाचा, बारावीत असाल तर आजच.

पहिली गोष्ट, सायन्स लागतं हा गैरसमज काढून टाका. युसीड म्हणजे आयआयटीच्या बी.डेसची, म्हणजे डिझाईनच्या पदवीची परीक्षा, ती आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुठल्याही शाखेचा मुलगा देऊ शकतो, दहावीनंतर तीन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा केलेलाही देऊ शकतो. एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन) आणि निफ्ट (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) यांच्या बी.डेसलाही शाखेची अट नाही. गणित सोडलं म्हणून रडत बसलेल्या मुलांनी हे वाक्य दोनदा वाचा आणि आईबाबांनाही दाखवा.

दुसरी गोष्ट, परीक्षा एक नाही, अनेक आहेत आणि प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, वयाची अट वेगळी. इंजिनिअरिंगसारखं एक सीईटी दिली आणि कॅप राऊंडला बसलो असं इथे होत नाही.

युसीड आयआयटी मुंबई घेते. फॉर्म साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो आणि महिन्याभरात बंद होतो, म्हणजे दिवाळीच्या गडबडीत सगळं होऊन जातं आणि कळतही नाही. परीक्षा जानेवारीत रविवारी असते, पुण्यात सेंटर मिळतं. फी अलीकडे 4000 रुपये आहे, मुलींना आणि एससी, एसटी, दिव्यांग मुलांना 2000. वयाचं उदाहरण सांगते, युसीड 2026 साठी खुल्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि ओबीसी मुलांची जन्मतारीख 1 ऑक्टोबर 2001 किंवा त्यानंतरची हवी होती, एससी, एसटी, दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत. पण खरी अट वयाची नाही, ती ही आहे की परीक्षा जास्तीत जास्त दोनदाच देता येते, लागोपाठच्या वर्षी, आणि बारावी त्याच वर्षी किंवा त्याच्या आदल्या वर्षी पहिल्यांदा दिलेली पाहिजे. म्हणजे दोन वर्षं गॅप घेऊन मग बघू म्हणणाऱ्यांना युसीडचं दार बंद होतं. पालक हे ऐकून दचकतात, पण आधी कळलेलं बरं.

पेपर तीन तासांचा, 300 मार्कांचा. पार्ट ए कॉम्प्युटरवर, दोन तास, 200 मार्क. त्यात डोक्यात वस्तू फिरवून बघणं, निरीक्षण, रोजच्या वस्तू कशा चालतात, पर्यावरण आणि समाज, लॉजिक, भाषा असं सगळं येतं. पार्ट बी एक तास, 100 मार्क, तो कागदावर हाताने, ड्रॉइंग आणि डिझाईनची समज. पार्ट एमधे कटऑफच्या वर आलात तरच पार्ट बी तपासला जातो, म्हणून नुसतं चित्र चांगलं येतं या भरवशावर राहू नका. मल्टिपल चॉइसला निगेटिव्ह मार्किंग आहे, आकड्यात उत्तर लिहायच्या प्रश्नांना नाही, तिथे रिकामी जागा कधीच सोडू नका. पेपर इंग्रजीत असतो. मराठी मिडियमच्या मुलांनी घाबरू नका पण जुने पेपर इंग्रजीतच सोडवा, ते युसीडच्या वेबसाईटवर फुकट मिळतात.

एनआयडीचं वेगळं. अहमदाबादची मूळ संस्था 1961 सालची, बी.डेस अहमदाबादशिवाय आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश आणि आसामच्या एनआयडीतही आहे. परीक्षेचं नाव डॅट म्हणजे डिझाईन ॲप्टिट्यूड टेस्ट, दोन टप्पे, आधी प्रिलिम्स मग मेन्स. प्रिलिम्स डिसेंबर-जानेवारीत होते, पेन आणि कागदावर, प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत. मेन्सला स्टुडिओ टेस्ट असते, समोर सामान ठेवतात आणि हाताने काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि शेवटच्या मेरिटमधे मेन्सचं वजन 70 टक्के, प्रिलिम्सचं 30. वयाची अट इथे कडक, खुल्या गटाला साधारण 20 वर्षांच्या आत, ओबीसी, एससी, एसटीला तीन वर्षं आणि दिव्यांगांना पाच वर्षं सवलत. नेमकी जन्मतारीख त्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापलेली असते, ती दहावीच्या सर्टिफिकेटवरच्या तारखेशी ताडून बघा.

निफ्ट फॅशनपुरतं आहे असं वाटतं लोकांना, पण तिथे ॲक्सेसरी, टेक्स्टाईल, लेदर, फॅशन कम्युनिकेशन असे बरेच विषय आहेत, आणि आपल्याला जवळचा कॅम्पस मुंबईचा म्हणजे खारघरचा. वय 1 ऑगस्टला 24 च्या आत. बी.डेससाठी कॅट म्हणजे क्रिएटिव्ह ॲबिलिटीला 50 टक्के, गॅट म्हणजे जनरल ॲबिलिटीला 30 टक्के आणि नंतर सिच्युएशन टेस्टला 20 टक्के असं वजन. परीक्षा साधारण फेब्रुवारीत, म्हणजे बोर्डाच्या तोंडावर. बोर्डाच्या प्रॅक्टिकलची तारीख कॉलेज लावतं, त्यामुळे हॉलतिकीट हातात आलं की लगेच सरांना किंवा मॅडमना जाऊन दाखवा, आदल्या दिवशी नाही.

पुण्यातच राहायचं असेल तर लोणी काळभोरचं एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन आहे, त्यांची स्वतःची डॅट आहे, नावावरून एनआयडीच्या डॅटशी गोंधळ करू नका. विमाननगरचं सिंबायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन आहे, त्यांची सीड (SEED) नावाची परीक्षा, आणि त्यानंतर पोर्टफोलिओ म्हणजे स्वतःच्या कामांचा संच बघून मुलाखत. दोन्हीकडे फी लाखांत आहे वर्षाला, त्यामुळे अर्ज भरायच्या आधी चार वर्षांचा हिशोब कागदावर मांडा, लॅपटॉप आणि मटेरियलचा खर्चही धरा. आणि ज्यांना कमी फीमधे कलेकडून या क्षेत्रात यायचंय त्यांनी बीएफए अप्लाईड आर्टचा, म्हणजे उपयोजित कलेच्या पदवीचा विचार मनापासून करा, राज्याची एमएएच एएसी सीईटी असते, त्यात डिझाईन प्रॅक्टिकल, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग आणि जनरल नॉलेज. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहेच. ग्राफिक, ब्रँडिंग, जाहिरात यातली कितीतरी चांगली माणसं अप्लाईडमधूनच आलेली आहेत, हा दुय्यम रस्ता नाही.

आता कागदपत्रं, जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

फॉर्म भरताना फोटो, सही, दहावीचं सर्टिफिकेट किंवा जन्मदाखला, बारावी झाली असेल तर मार्कशीट, नसेल तर बारावीला बसतोय असं कॉलेजच्या प्रिन्सिपलच्या सहीचं पत्र, एवढं बेसिक लागतं. हे पत्र ठरलेल्या नमुन्यात मागतात, कॉलेजचं नेहमीचं बोनाफाईड जोडू नका, नमुना वेबसाईटवरून प्रिंट करून ऑफिसला द्या. आणि दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद असतं हे डोक्यात ठेवा, सुट्टीआधी सही घ्या.

नाव. आपल्याकडे बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आधारवर उलटं, कधी वडिलांचं नाव गायब, कधी स्पेलिंगमधे एक ए जास्त. फॉर्ममधे दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच नाव टाका. आधारचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आत्ताच आधार सेंटरला जाऊन दुरुस्त करून घ्या, कारण परीक्षेच्या दिवशी हॉलतिकीट आणि ओरिजिनल फोटो आयडी दोन्ही दाखवावं लागतं. नाव कायदेशीर बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ हवी.

मग जातीचे दाखले. हे नीट वाचा कारण इथे हुशार मुलांची सीट जाते. आयआयटी, एनआयडी, निफ्ट या केंद्राच्या संस्था आहेत, त्यांना दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो. कॉलेजच्या ॲडमिशनला काढलेलं राज्याचं नॉन क्रिमीलेयर घरात असतं आणि लोक तेच अपलोड करतात, ते चालत नाही. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज करतानाच स्पष्ट सांगा की केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी एनसीएल म्हणजे नॉन क्रिमीलेयर हवंय. शिवाय तो दाखला ताजा लागतो, युसीड 2026 ला 1 एप्रिल 2025 नंतर काढलेलाच चालत होता, असंच गणित पुढच्या वर्षीही धरा. म्हणजे एप्रिल संपला की अर्ज टाका, जून-जुलैत सगळं पुणे शाळा-कॉलेजच्या दाखल्यांसाठी रांगेत असतं, तेव्हा वेळ लागतो. उत्पन्नाचा तीन वर्षांचा दाखला, वडिलांचा किंवा आत्या-काकांचा जातीचा दाखला, एलसी, रेशनकार्ड, पत्त्याचा पुरावा हे सगळं एका फाईलमधे घेऊनच जा म्हणजे परत फिरावं लागणार नाही.

ईडब्ल्यूएसचंही तसंच. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं, पण त्यासोबत 5 एकर किंवा जास्त शेती नको, 1000 स्क्वेअर फूट किंवा मोठा फ्लॅट नको, नगरपालिका हद्दीत 100 चौरस यार्ड किंवा मोठा प्लॉट नको. पुण्यात उत्पन्न कमी असूनही जुना वडिलोपार्जित फ्लॅट मोठा असलेली घरं आहेत, त्यांनी आधीच तपासून घ्या. मराठा समाजातल्या मुलांसाठी खास सांगते, एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास हा प्रवर्ग राज्याचा आहे, केंद्राच्या फॉर्ममधे तो रकानाच नसतो. कुणबी दाखला असेल तर ओबीसी एनसीएल केंद्राच्या नमुन्यात काढा, नसेल तर वरच्या अटी बसतात का बघून ईडब्ल्यूएस. जात पडताळणी, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, ती राज्याच्या प्रवेशाला लागते, बीएफएचा विचार असेल तर तीही लवकर टाका, तिला महिने लागतात.

तयारीबद्दल थोडंच लिहिते कारण त्यावर सगळीकडे भरपूर आहे. महागडा क्लास लावलाच पाहिजे असं मला अजिबात वाटत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिल्या असतील तर हात बसलेला असतो, नसतील तरी हरकत नाही. एक स्केचबुक घ्या, अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळतं, आणि रोज बाहेर जाऊन माणसं आणि वस्तू काढा. मंडईत भाजीवाल्या मावशी तराजू कसा धरतात, बसची दांडी गर्दीत कुठे हाताला येते आणि कुठे येत नाही, हे काढा आणि शेजारी दोन ओळी लिहा. बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा तरी निवांत बघा, तिथले अडकित्ते आणि दिवे बघितले की कळतं एकाच कामाच्या वस्तूला माणसाने किती तऱ्हेने आकार दिलाय, परीक्षेत नेमकं हेच विचारतात. कसब्यात तांबट आळीत भांड्यावर ठोके मारून मठारकाम करतात, ते नुसतं सुंदर दिसत नाही, ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो. हे कळलेला मुलगा मटेरियलच्या प्रश्नाला अडत नाही. पोर्टफोलिओत असलीच स्वतः बघितलेली, स्वतः विचार केलेली कामं ठेवा, इंटरनेटवरची हिरोईनची पोर्ट्रेट नको, मुलाखत घेणारे ती रोज बघतात.

आणि ज्यांची डिग्री झाली आहे त्यांच्यासाठी सीड आहे, सिंबायोसिसच्या सीडहून स्पेलिंग वेगळं (CEED), ही आयआयटी मुंबई घेते ती एम.डेसची, म्हणजे डिझाईनच्या मास्टर्सची परीक्षा. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा डिप्लोमा लागतो, शेवटच्या वर्षाला असलात तरी चालतं, वयाची आणि किती वेळा द्यायची याची अट नाही. दहावीनंतर पाच वर्षांचा जीडी आर्ट हा कलेचा डिप्लोमा केलेल्यांना एक वर्षाचा कामाचा अनुभव दाखवला की बसता येतं. इंजिनिअरिंग करून पिंपरी-चाकणला गाड्यांच्या कंपनीत लागलेली आणि मन डिझाईनमधे असलेली कितीतरी मुलं आहेत इथे, त्यांच्यासाठी हा रस्ता उघडा आहे.

निकाल लागल्यावर बरेच जण गाफील राहतात. युसीडमधे रँक आली म्हणजे सीट आली असं नाही, त्यानंतर सीट अलॉटमेंटसाठी वेगळा फॉर्म असतो, वेगळी फी असते, संस्थांचा पसंतीक्रम त्यात भरायचा असतो, साधारण मार्च महिन्यात, म्हणजे बोर्डाचे पेपर चालू असताना किंवा नुकतेच संपलेले असताना. फॉर्मला दिलेला ईमेल रोज उघडा, सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊ नका, ओटीपी त्याच्याकडे जातो. युसीडचा निकाल वापरणाऱ्या इतर संस्थाही आहेत, त्या आपापला अर्ज वेगळा मागतात. आणि प्रवेशाच्या वेळी एलसी आणि मायग्रेशन ओरिजिनल जमा करून घेतात, त्यामुळे जमा करायच्या आधी प्रत्येक कागदाच्या पाच-सहा झेरॉक्स काढून ट्रू कॉपी करून ठेवा आणि स्कॅन करून ड्राईव्हवर टाका, नंतर स्कॉलरशिपला आणि बँकेच्या लोनला हेच कागद परत मागतात.