पाचगणीच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या कॅथलिक संघाच्या सिस्टरांनी १८९५ मध्ये सेंट जोसेफ कॉन्व्हेंट ही मुलींची निवासी शाळा सुरू केली. आसपासच्या गावांत कॅथलिक कुटुंबे नावापुरतीच असताना शाळेसाठी हेच ठिकाण का निवडले गेले, याचे उत्तर धर्मप्रसारापेक्षा हवामानात आणि सरकारी धोरणात अधिक सापडते.

महाबळेश्वर हे इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण म्हणून १८२८ पासून वसू लागले. परंतु वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या त्या माथ्यावर पावसाळा काढणे साहेबांना जमत नसे. पाचगणीला पाऊस त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास पडतो. म्हणूनच १८६० च्या दशकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली तेथे बंगले आणि सिल्व्हर ओकची लागवड उभी राहिली. शाळेला बारमाही वस्तीचे ठिकाण लागते, आणि ते येथे आयते मिळाले. वाटही रुळलेली होती : पुणे-सातारा मार्गावरील वाठार स्टेशनला उतरायचे, सामान टांग्यावर चढवायचे आणि वाईमार्गे पसरणीचा घाट चढायचा.

धोरणाचा धागा १८५७ नंतरचा आहे. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन (युरोपियन-भारतीय मिश्र वंशाच्या) मुलांसाठी थंड हवेच्या ठिकाणी शाळा काढाव्यात, असे टिपण गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी १८६० मध्ये लिहिले आणि अँग्लिकन चर्चने, म्हणजे कॅथलिकांपासून वेगळ्या असलेल्या इंग्लंडच्या अधिकृत चर्चने, त्यात पुढाकार घेतला. या समाजातील कॅथलिक कुटुंबांची मुले अँग्लिकन शाळांत जावीत, हे कॅथलिक धर्मगुरूंना रुचणे शक्य नव्हते. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांची भिस्त युरोपातील सिस्टरांच्या संघांवर होती. ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ची स्थापना मेरी तेरेज हेझ यांनी १८३३ मध्ये बेल्जियममधील लीज येथे केली होती, आणि तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराचीत या संघाने १८६२ मध्येच शाळा काढली होती. पाचगणी हा त्याच कामाचा पुढचा टप्पा होता.

म्हणजे शाळा साताऱ्यात आली, पण साताऱ्याच्या मुलींसाठी आली नव्हती. (याच जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, ती १८४८ मध्ये, त्या प्रवाहाशी डोंगरावरच्या या शाळांचा संबंध नव्हता.)

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलणे अटळ होते. संविधानाच्या अनुच्छेद ३३७ नुसार अँग्लो-इंडियन शाळांना विशेष अनुदान हवे असल्यास दरवर्षीचे किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांसाठी खुले ठेवणे भाग होते. मुंबई सरकारने मात्र ६ जानेवारी १९५४ च्या आदेशाने उलट दिशा धरली : इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देण्यास मनाई केली. देशी भाषांना बळ देण्याचा हेतू समजण्याजोगा असला, तरी जन्मावरून दार बंद करणारा हा उपाय विचित्रच होता. देवळालीच्या बार्न्स शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात हा आदेश अवैध ठरवला. त्यामुळे मुंबई राज्यातील अशा सर्वच शाळांत मराठी, गुजराती घरांतील मुलींच्या प्रवेशाआड येणारी सरकारी अट उरली नाही. निवासी शाळेच्या फीचा उंबरठा तेवढा राहिला.