एकाच दीर्घिकेचं दोनदा वजन

नरतुरंग तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे ४५ कोटी प्रकाशवर्षांवर, ईएसओ ३२५-जी००४ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. दिसायला साधी. सर्पिल भुजा नाहीत, नुसता जुन्या ताऱ्यांचा पिवळसर उजेड, मध्याकडे दाट होत गेलेला. मला मात्र ही दक्षिण आकाशातली सर्वांत मोलाची दीर्घिका वाटते.

हिच्या बरोब्बर मागे, खूपच दूर, आणखी एक दीर्घिका आहे. तिथून प्रकाश निघाला त्याला १००० कोटींहून जास्त वर्षं झाली. वाटेतल्या या अवजड दीर्घिकेने तो वाकवला आणि मागचीचं चित्र कड्यासारखं पसरलं. यालाच आइनस्टाईनचं कडं म्हणतात. ते सहजी दिसत नाही. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रातून पुढच्या दीर्घिकेचा उजेड गणिताने वजा केला की मगच मध्याभोवती फिकट कमानी उमटतात. त्रिज्या जेमतेम ३ विकला, म्हणजे एका अंशाचा बाराशेवा भाग!

या कड्याच्या आकारावरून दीर्घिकेचं वस्तुमान काढता येतं. दुसरा मार्ग ताऱ्यांच्या वेगाचा. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत तारे सगळ्या दिशांना धावत असतात. काही आपल्याकडे येतात, काही दूर जातात, त्यामुळे वर्णपटातल्या काळ्या रेषा रुंदावतात. रेषा जितकी रुंद, तितके वेग जास्त आणि वस्तुमानही जास्त. ही दीर्घिका त्या मानाने जवळची, म्हणून चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूज उपकरणाला तिच्या वेगवेगळ्या भागांतले वेग मोजता आले.

खरी गंमत इथे आहे. आइनस्टाईनच्या मते गुरुत्व म्हणजे वस्तुमानामुळे काळ आणि अवकाश वक्र होणं. संथ ताऱ्यांना मुख्यतः काळाची वक्रता जाणवते, प्रकाशाला काळ आणि अवकाश दोन्हींची. आइनस्टाईनच्या सिद्धांतानुसार दोन्ही वक्रता सारख्या, म्हणजे त्यांचं गुणोत्तर १ यायला हवं आणि दोन्ही मार्गांनी काढलेलं वस्तुमान जुळायला हवं. थॉमस कॉलेट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे गुणोत्तर ०.९७ असल्याचं जाहीर केलं, मोजमापातली अनिश्चितता ०.०९ कमी-जास्त इतकी.

सूर्यमालेत हीच तुलना कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून याहून कितीतरी अचूक झाली होती. पण इथलं कडं दीर्घिकेच्या केंद्रापासून सुमारे ६५०० प्रकाशवर्षांवर आहे. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ मध्ये कळल्यापासून, त्यामागे कृष्ण ऊर्जा नावाची अज्ञात ऊर्जा मानण्याऐवजी मोठ्या अंतरांवर गुरुत्वाचा नियमच बदलून पाहणारे सिद्धांत पुढे आले. त्यांतल्या अनेकांत हे गुणोत्तर १ राहत नाही. दीर्घिकेएवढ्या अंतरांवर तरी त्यांना आता फारशी मोकळीक उरलेली नाही.