खाणपट्ट्यातले दोन टक्के : पार्श्वभूमी

गोव्यात कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा विषय निघाला की गाडी शेवटी खाणपट्ट्यावरच येते. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत सीएसआर, म्हणजे याच दायित्वाचा इंग्रजी संक्षेप, हा शब्द फार उशिरा आला. देण्याघेण्याचा व्यवहार मात्र कितीतरी जुना. पोर्तुगीज आमदनीत खाणींचे परवाने कायमस्वरूपी दिले गेले. १९५०च्या दशकात जपानला माल जाऊ लागला आणि मांडवी-जुवारीत खनिज वाहणाऱ्या बार्जींची ये-जा वाढली. मुक्तीनंतर सरकार बदलले, खाणींचे मालक बहुतेक तेच राहिले. देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, हुशार मुलाची शिष्यवृत्ती, फुटबॉलचा संघ हे सगळे मालकाच्या मर्जीने मिळायचे. मागणाऱ्याने बंगल्यावर जायचे, देणाऱ्याने द्यायचे.

या देण्यात काय काय मोजले जाई, ते बारकाईने पाहायला हवे. गोव्यात एक टन खनिज काढायचे तर साधारण अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. तिचे ढीग, म्हणजे डंप, डोंगरउतारावर रचले जातात. पावसाळा लागला की ती माती ओहोळात उतरते आणि ओहोळातून भातशेतात. शेत लाल गाळाखाली गेले की शेतकऱ्याला वर्षाची ठरावीक नुकसानभरपाई मिळायची, कधी गाळही उपसून दिला जायचा. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तळाशी साचणारे पाणी पंपाने सतत उपसावे लागते. त्याने भोवतालच्या विहिरी आटतात, आणि मग त्याच गावात खाणीचा टँकर पाणी घेऊन येतो. डिचोलीतल्या शिरगावची कहाणी हीच. पुढे हा टँकर आणि हा गाळउपसा समाजकार्याच्या यादीत शाळा-शिष्यवृत्तीच्या शेजारी बसू लागला. माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. ज्याने विहीर आटवली त्याने पाणी देणे हा उपकार नव्हे.

चीनची मागणी वाढली तशी हलक्या प्रतीच्या मालालाही किंमत आली. २०१०-११ मध्ये गोव्यातून होणारी लोहखनिजाची निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली. बेकायदा खाणींच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली.

मग आले २०१४. त्या वर्षी १ एप्रिलला कंपनी कायद्याचे कलम १३५ लागू झाले. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. तीन आठवडेही झाले नव्हते तोच, २१ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या खाणींचा निकाल दिला, आणि त्यावर आजही वाद होतो. १९८७च्या कायद्याने पोर्तुगीज परवान्यांची लीज, म्हणजे मुदतीचा भाडेपट्टा, झाली होती, तीही २० डिसेंबर १९६१ पासून. न्यायालयाने हिशेब मांडला की या लीज २२ नोव्हेंबर १९८७ला संपल्या आणि वीस वर्षांचे पहिले नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ला. त्यानंतरचे सारे उत्खनन बेकायदा. खाणमालकांचे म्हणणे असे की अर्ज आम्ही केले होते, सरकारने रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या खनिजावरचे शुल्क, घेतली, निर्णय मात्र दिला नाही. मग आम्ही गुन्हेगार कसे? न्यायालयाने ते मानले नाही. दुसरे नूतनीकरण कारणे नोंदवून लेखी दिल्याशिवाय होत नाही आणि अर्ज पडून राहिला म्हणून मुदत आपोआप वाढत नाही, असा निर्वाळा दिला. सरकारच्या दिरंगाईचा मालकांचा मुद्दा पोकळ नाही. पण २००७ ते २०१२ हीच तेजीची वर्षे होती. त्या काळातला माल जर लीजविनाच निघाला असेल, तर त्याच्या नफ्यातून बांधलेल्या सभामंडपाला दान म्हणायचे कसे, हा गावांचा प्रश्न त्याहून जड आहे. त्याच निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायम निधी पुढच्या पिढ्यांसाठी उभा करायला सांगितला.

दोन टक्क्यांचा कायदा खाणपट्ट्याला बेतलेला नव्हताच. तो फक्त कंपन्यांना लागू होतो. गोव्यात कित्येक लीज व्यक्तींच्या किंवा भागीदारी पेढ्यांच्या नावावर होत्या आणि उत्खनन कंत्राटदार करायचा. यांतले कितीतरी जण कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतात. शिवाय रक्कम नफ्यावर ठरते. खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारे टिप्पर दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते थकले, म्हणजे गावाची गरज सर्वांत मोठी झाली, तेव्हा नफ्याबरोबर हा पैसाही आटतो. कायद्याने जे करणे मुळातच बंधनकारक आहे ते सीएसआरमध्ये धरता येत नाही असे नियम सांगतात. पण टँकर बंधनात बसतो की दानात, हे गावात येऊन तपासणारे कोणी नसते.

२०१५ मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची, म्हणजे खाणबाधित गावांसाठीच्या निधीची, तरतूद आली. हा पैसा नफ्यावर नाही तर रॉयल्टीवर ठरतो, म्हणून मला तो अधिक भरवशाचा वाटतो. दरम्यान ८८ लीजचे पुन्हा नूतनीकरण झाले. खाणी सुरू झाल्या, धूळही परतली. २०१७ मध्ये सत्तरीतल्या सोनशीच्या लोकांनी धूळ आणि पाण्यासाठी ट्रक अडवले आणि तुरुंगात गेले. ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने त्या ८८ लीजही रद्द केल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये खाणींचे लिलाव सुरू झाले. लिलावातल्या पहिल्या ब्लॉकांत, म्हणजे आखलेल्या खाणक्षेत्रांत, डिचोली, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव आणि काले होते. प्रतिष्ठानासाठी जुन्या लीजना रॉयल्टीच्या ३० टक्के भरावे लागत, लिलावातल्या लीजना १० टक्केच. सरकारी तिजोरीत लिलावामुळे भर पडते, बाधित गावांचा वाटा मात्र या हिशेबात कमी होतो. म्हणून आता जनसुनावणीत सीएसआरमधून काय देणार, एवढ्यावर लोक थांबत नाहीत. घरे, देवळे, तळी ब्लॉकबाहेर काढा आणि विहिरींची पातळी खाण सुरू होण्याआधी मोजून लेखी द्या, अशी मागणी आधी होते.