महापाषाणी थडगी

माणूस मेल्यावर त्याच्या हाडांवर किंवा नुसत्या आठवणीसाठी मोठाले दगड रचून केलेलं बांधकाम म्हणजे महापाषाणी थडगं. 'अश्मयुगातली थडगी' म्हणून फोटो फिरतात ते बरोबर नाही, विदर्भ-कर्नाटकातली ही बांधकामं बहुतेक लोखंड हाताशी आल्यानंतरची, ढोबळमानाने इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली.

कोल्हापूरकडं कायम होणारा घोळ म्हणजे देवळाबाहेरचा वीरगळ बघून हे थडगंच म्हणायचं. वीरगळ हा मध्ययुगातला, शिलाहार-यादव काळातला स्मारकदगड, त्यावर कप्पे असतात, खाली लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य. महापाषाणी दगड सहसा कोरा असतो. नागपूरजवळच्या जुनापाणीला काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे मिळतात, पण शिल्पकाम असं नाहीच. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 ला खोदकाम झालं, त्याचं नाव सातवाहन वस्तीसाठी, तो विषय वेगळा.

विदर्भातला प्रकार म्हणजे शिलावर्तुळं. गोलाकार मांडलेले धोंडे, आत गोटे-मातीचा भराव आणि त्याखाली हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी. नागपूरजवळच्याच माहूरझरीला तर घोडा पुरलेला मिळाला, तोही तांब्याचे दागिने घातलेला, आता घोड्याचा एवढा थाट म्हणजे मालक साधासुधा नसणार हे उघड आहे. ही खोदकामं मुख्यतः पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांची, नैकुंडला त्यांना लोखंड गाळायची भट्टीही मिळाली.

दक्षिणेला गेलं की दगडी खोल्या सुरू होतात. तीन-चार फरश्या उभ्या करून वर एक आडवी टाकायची, बऱ्याचदा एका फरशीला गोल भोक. कोप्पळ जिल्ह्यातल्या हिरेबेनकलला अशी सुमारे 400 बांधकामं ग्रॅनाइटच्या डोंगरावर आहेत, मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने 1835 ला त्यांची नोंद केली आणि 2021 ला ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तिथंच एक अवाढव्य नगाऱ्यासारखा धोंडा आहे, दगडाने ठोकला की घुमतो.

कोल्हापूरहून त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे गोकाक धबधब्याकडचं कोन्नूर. पावसाळ्यात धबधब्याला गर्दी उसळते पण या दगडी खोल्यांकडं कुणी वळत नाही. लोक त्यांना पांडवांची घरं म्हणतात, आपल्याकडं लेण्यांना म्हणतात तसंच.