रक्तातली बुरशी बाटलीत कशी सापडू लागली

ब्लड कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते पाहायची तपासणी. तिच्या रिपोर्टवर 'वाढ नाही' असं आलं की घरच्यांना हायसं वाटतं. बुरशीच्या बाबतीत मात्र या दोन शब्दांवर विसंबून राहता येत नाही. शरीरात खोलवर गेलेला कॅन्डिडाचा (एका यीस्टचा, म्हणजे एकपेशीय बुरशीचा) संसर्ग जवळपास निम्म्या रुग्णांत कल्चरच्या हाती लागतच नाही. असं का होतं, ते या तपासणीच्या इतिहासात डोकावलं की उमगतं.

बुरशी वाढवायची रीत मुळात त्वचारोगांसाठी बसली. पॅरिसचे रेमंड साबूरो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नायटा आणि डोक्यातल्या बुरशीचा अभ्यास करत होते. त्यांनी भरपूर साखरेचं, आंबट 'अगर', म्हणजे बुरशी वाढवायची जेलीसारखी घट्ट पोषक थर, तयार केलं. त्याचा पीएच (आंबटपणाचं माप) साधारण 5.6. त्यात जिवाणू मागे पडतात आणि बुरशी जोमाने वाढते. प्रयोगशाळेतली आजची 'एसडीए' (साबूरो डेक्स्ट्रोज अगर) प्लेट याच घराण्यातली.

रक्तात बुरशी शोधायची निकड पुढे, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वाढली. प्रतिजैविकं आली, मोठ्या शिरेत दिवसेंदिवस राहणाऱ्या नळ्या आल्या, शिरेतून पोषण देणं आणि केमोथेरपी सुरू झाली. आतड्यातले जिवाणू मेले की कॅन्डिडाला रान मोकळं मिळतं, आणि शिरेतल्या नळीवर ती ठाण मांडून बसते. 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकाने मुद्दाम प्रचंड प्रमाणात कॅन्डिडा गिळली. काही तासांतच ती त्याच्या रक्तात आणि लघवीत सापडली. आतड्यातून रक्तात जायला तिला जखमेची गरज नव्हती. तो माणूस बरा झाला.

तरीही बरीच वर्षं समज असा होता की बाटलीत यीस्ट आलं तर नळी काढावी, ताप उतरला की झालं. या समजाची किंमत रुग्णांनी मोजली. काहींच्या डोळ्यांत, काहींच्या हृदयाच्या झडपेवर बुरशी नंतर उगवली. रक्तातली कॅन्डिडा 'बाहेरून पडली असेल' म्हणून कधीही सोडून द्यायची नाही, हा आजचा नियम अशा अनुभवांतून आला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची शिकवण.

खरी अडचण संख्येची. एक मिलिलिटर रक्तात अनेकदा बुरशीची एकही जिवंत पेशी नसते, म्हणून मोठ्यांकडून एकूण 40 ते 60 मिलिलिटर रक्त घ्यायला सांगतात. त्यातून यकृत आणि प्लीहा रक्तातली बुरशी झपाट्याने गाळून घेतात. ती अवयवांत दडते आणि रक्त स्वच्छ दिसतं. ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी तर रक्तातून क्वचितच उगवते.

बाटलीतले बदल याच अडचणीशी झगडत झाले. 1947 मध्ये मेक्सिकोच्या रुईझ कास्टानेडा यांनी ब्रुसेला या जिवाणूसाठी एकाच बाटलीत अगर आणि द्रव एकत्र आणले. बाटली नुसती कलंडली की द्रव अगरवरून फिरे, झाकण उघडावं लागत नसे. बुरशीलाही ते मानवलं. यीस्टला हवा लागते हे ध्यानात आल्यावर बाटलीत कापूस लावलेली सुई खुपसून हवा द्यायला लागले. 1970 च्या दशकात रक्तपेशी फोडून, सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) खाली बसलेला गाळ प्लेटवर पसरायची पद्धत आली. पांढऱ्या पेशींच्या पोटात लपलेला हिस्टोप्लाझ्मा (आणखी एक बुरशी) त्यात सुटा होई. पण तो उगवायला कित्येक आठवडेही लागत. पुढची यंत्रं बुरशीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाटलीच्या बुडाशी टिपू लागली, दर 10 मिनिटांनी.

यीस्ट दिसलं की ते कोणतं, हा पुढचा प्रश्न. कॉलनीचा (प्लेटवर वाढलेल्या बुरशीच्या ठिपक्याचा) सुईच्या टोकाएवढा अंश अर्धा मिलिलिटर सीरममध्ये (रक्ताच्या पेशीविरहित द्रवात) कालवून 37 अंशांवर दोन-अडीच तास ठेवायचा, मग थेंबभर स्लाइडवर घ्यायचा. पेशीतून मुळाशी न आवळलेली सरळ नळी फुटली असेल तर बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स. या 'जर्म ट्यूब'ने अनेक दशकं काम भागवलं. 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून कॅन्डिडा ऑरिसची नोंद झाली आणि नेहमीच्या ओळख-यंत्रांनी तिला दुसऱ्याच जातीचं नाव दिलं. प्रथिनांच्या वजनावरून जात ओळखणाऱ्या माल्डी-टॉफचं मोल तेव्हा कळलं.

रक्तातल्या बुरशीच्या भिंतीचे अंश किंवा डीएनए शोधणाऱ्या चाचण्या आता काही तासांत उत्तर देतात. पण कोणत्या औषधाने ही बुरशी मरेल, हे पाहायला जिवंत कॉलनीच लागते. म्हणून बाटली पॉझिटिव्ह झाली की आजही आधी ग्राम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची चाचणी) करतात, कळ्या फुटलेल्या जांभळ्या गोल पेशी दिसल्या की लगेच वॉर्डला फोन करतात, आणि मग प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवतात.