हवेची टाकी फुटते ती कशाने? धातूची आणि कार्बन फायबरची

आम्ही उच्च दाबाच्या हवेच्या टाक्या भरून देतो. भरायला आलेली टाकी हातात घेतली की आम्ही ती लगेच कॉम्प्रेसरला लावत नाही. आधी फिरवून बघतो, बुडाचं रबरी बूट काढतो, मानेवर बॅटरी मारतो. त्यात दहा मिनिटं जातात आणि कधीकधी आम्ही टाकी न भरताच परत देतो. ‘अहो, मागच्याच महिन्यात भरली होती की!’ हे वाक्य तेव्हा हमखास ऐकायला मिळतं. आम्ही नेमकं काय बघतो आणि कशाला घाबरतो, ते या पत्रकात लिहिलं आहे.

आधी दाबाचा अंदाज घ्या. 300 बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेल्या टाकीत अंगठ्याच्या नखाएवढ्या, म्हणजे साधारण एक चौरस सेंटीमीटर जागेवर आतून सुमारे 300 किलोचा भार असतो. 6.8 लिटरची अशी टाकी एकदम फुटली तर ढोबळमानाने 4 लाख ज्यूल ऊर्जा क्षणात सुटते. एक टन वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटरने येऊन आदळावी, तेवढी ती ऊर्जा. हळूहळू हवा गळणारी टाकी त्यामानाने बरी, निदान ती सांगून जाते.

पोलादी टाकी: आतला गंज

हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडते. कॉम्प्रेसरचं फिल्टर वेळेवर बदललं नाही, तर ते पाणी थेट टाकीत जातं. व्हॉल्व्ह उघडा ठेवून टाकी पार रिकामी केली, तर बाहेरची दमट हवा किंवा पाणी आत शिरायला वाट मिळते. म्हणूनच आम्ही सांगतो, थोडी हवा आत शिल्लक ठेवा.

गंज कुठे धरला आहे, हे फार महत्त्वाचं. उभ्या टाकीत पाणी बुडाशी साठतं आणि तिथलं पोलाद जाड असतं. आडव्या टाकीत तेच पाणी बाजूच्या पातळ भिंतीवर लांबच लांब पडून राहतं आणि तिथे गंजाची एक सरळ रेघ उमटते. दंडगोल टाकीच्या भिंतीवर परिघाच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा दुप्पट असतो. त्यामुळे अशा लांबीच्या रेघेत भिंत झिजली, की टाकी शिवण उसवावी तशी लांबीत फाटू शकते. सुटा, टाचणीसारखा खड्डा बहुधा आरपार जाऊन हवा गळू लागते. रेघ मात्र आम्ही कधीच माफ करत नाही. पोलादी टाकी दीर्घकाळ ठेवायची असेल तर उभीच ठेवा, पडू नये म्हणून नीट बांधून.

अॅल्युमिनियम: मान आणि उष्णता

अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्याचं दुखणं मानेत असतं. 6351 या मिश्रधातूच्या जुन्या टाक्यांमध्ये नुसत्या भरलेल्या दाबाखाली वर्षानुवर्षं राहून मानेच्या आट्यांमध्ये तडे वाढत गेल्याचं आढळलं. नंतर उत्पादक 6061 कडे वळले. जुनी टाकी आणलीत तर आम्ही आधी मिश्रधातू विचारतो, तो यासाठी. असा तडा डोळ्यांना आट्याच्या खाचेतली केसाएवढी रेघ वाटतो, म्हणून एडी करंट उपकरणानेही (धातूत वीजप्रवाह निर्माण करून तडे शोधणारं उपकरण) मान तपासावी लागते.

दुसरं म्हणजे उष्णता. या धातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि जास्त तापवलं की ती उतरते. टाकी 177 अंश सेल्सियसच्या वर गेली असेल तर ती बाद धरतात. हौसेने पावडर कोटिंग करून भट्टीत भाजलेली टाकी दिसायला सुरेख असते, पण ती आम्ही भरणार नाही.

मानेचाच आणखी एक धोका आहे व्हॉल्व्हचा. 25 मिलिमीटरचा मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यांच्या टाकीत बसतो. फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण आटे पुरते धरलेले नसतात. भरताना किंवा नंतर केव्हाही तो गोळीसारखा सुटू शकतो. व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर व्हॉल्व्ह आणि टाकी दोन्हींवरचे आट्यांच्या मापाचे ठसे जुळल्याशिवाय हात लावू नका.

कार्बन फायबर: न दिसणारी इजा

इथे आमची सर्वांत जास्त काळजी असते. या टाकीच्या आत बहुधा अॅल्युमिनियमचं पातळ अस्तर असतं (काहींत प्लास्टिकचं). ते हवा अडवतं, भार मुख्यत्वे बाहेरचे तंतू पेलतात. धातूची टाकी आपटली की पोचा पडतो आणि तो तसाच राहतो. कार्बनचा तंतू ताणाखाली वाकून राहत नाही, तो थेट तुटतो. आपटल्यावर वरचा भाग पुन्हा पूर्वीसारखा दिसतो, आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असू शकतात.

म्हणून कार्बनवर चढवलेल्या काचतंतूच्या थराकडे लक्ष द्या. त्यावर धुरकट पांढरा डाग दिसला, की तिथे मार बसला आहे असं समजा. नखाने हलकेच टोकरून पाहा, तंतू उचकटतात का. साधारण पाव मिलिमीटरपर्यंतचा वरवरचा ओरखडा चालतो, त्याहून खोल चर तपासनिसाला दाखवावाच लागतो. बॅटरीचं आम्ल किंवा रंग काढायचं द्रावण सांडलं असेल तर लपवू नका. त्याने रेझिन (तंतूंना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) आणि काचतंतू दोन्ही खराब होतात, आणि धुतल्यावर वरून फारसं काही दिसत नाही.

भरल्यावर साबणाच्या पाण्यात बारीक बुडबुडे दिसले तर लगेच घाबरू नका. थरांखाली अडकलेली हवाही तशी बाहेर येते आणि थोड्या वेळाने थांबते. थांबत नसेल तर अस्तराला तडा गेला आहे आणि टाकी संपली.

उन्हात ठेवण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. 300 बारची टाकी एक अंश तापली की दाब साधारण एक बारने वाढतो. 20 अंशांना भरलेली टाकी बंद गाडीत 60 अंशांना गेली तर दाब 340 बारच्या आसपास जातो. चांगली टाकी तेवढ्याने फुटत नाही, पण दुखावलेल्या जागेवरचा ताणही तेवढाच वाढतो.

हायड्रो टेस्टबद्दल

ही चाचणी पाण्याने करतात, कारण पाणी फारसं दबत नाही आणि टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. दाब कामाच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून थोडा जास्त नेतात आणि टाकी किती फुगली व किती फुगलेलीच राहिली ते मोजतात. मुदत बहुधा 5 वर्षांची असते. कार्बनच्या टाकीला शिवाय एकूण आयुष्याची मर्यादा असते, अनेकदा 15 वर्षं, ती लेबलवर पाहा. चाचणी पास झाली म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. मानेतला बारीक तडा किंवा अलीकडेच बसलेला मार त्यातून निसटू शकतो. म्हणून मुदत शिल्लक असली तरी आम्ही दर वेळी बघतो.

टाकी कधी आपटली, तापली, कशात बुडाली असेल तर देताना सांगा. बाद ठरलेली टाकी आम्ही तुमच्यासमोर रिकामी करतो आणि तुमच्या संमतीने मानेचे आटे कापून परत देतो, म्हणजे पुढे ती कुणाच्याही हाती लागली तरी भरता येणार नाही.