तुऱ्यावरची गाठ: कुठे आली, कधी आली, कुणाकुणाला आली

२०२२ मध्ये लम्पीने सातारा-सांगलीचे गोठे हादरवले. तेव्हापासून जनावराच्या अंगावर कसलाही फुगवटा दिसला की घरात धास्ती बसते, आणि परड्यातल्या कोंबड्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. पाऊस ओसरत आला की कुणाच्या तरी कोंबडीच्या तुऱ्यावर, डोळ्याच्या कडेला, चोचीच्या मुळाशी राखाडी-पिवळट फोड्या उठतात. मग पहिला प्रश्न येतो, "लम्पी तर नाही ना?" दुसरा जरा हळू आवाजात, "अंडी खायची का नाही?"

लम्पी नाही. लम्पीचा विषाणू गाई-म्हशींचा. कोंबडीच्या अशा फोड्या बहुतेकदा कोंबड्यांच्या देवीच्या (फाउल पॉक्सच्या) असतात. तिचा विषाणू त्याच मोठ्या कुळातला असला तरी तो पक्ष्यांपुरताच राहतो. गोठ्यातून खुराड्यात किंवा खुराड्यातून गोठ्यात हा रोग जात नाही. माणसालाही तो होत नाही, त्यामुळे अंडी नीट शिजवून खायला हरकत नाही. मात्र कोंबडीला कसली औषधं चालू असतील, तर अंडी किती दिवस टाळायची हे डॉक्टरांना विचारावं. माणसातली देवी जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. कोंबड्यांची देवी हा वेगळा विषाणू आहे आणि तो अजून मुक्कामाला आहे.

पण प्रत्येक गाठ देवीची नसते. गाठीचा फोटो काढून गावभर फिरवण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: गाठ अंगावर कुठे आहे, कोणत्या दिवसांत आली, आणि खुराड्यातल्या आणखी कुणाकुणाला आली. एवढ्यावर निम्म्याहून जास्त कोडं सुटतं.

देवीच्या फोड्या पिसं नसलेल्या कातडीवर येतात. तुरा, गळ्याखालचे लाल लोलक, पापण्या, कधी पाय. आधी फिकट पुटकुळी, मग ती वाढून चामखिळीसारखी खडबडीत, मग तपकिरी-काळी खपली. खपली साधारण दोन ते चार आठवड्यांत गळून पडते. कडकनाथचा तुरा मुळातच काळा, तिथे सुरुवातीच्या फोड्या नजरेला पडत नाहीत, बोट फिरवून बघाव्या लागतात. खुराड्यात रोग एकदम पसरत नाही. आज एक, आठवड्याने दुसरी, पंधरवड्याने आणखी दोन, असा रेंगाळत जातो. मानमोडी (राणीखेत) आली की दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. देवीची चाल तशी नाही, आणि ही संथ चालच पुढे आपल्या उपयोगाची ठरते.

चार आठवड्यांत खपली आपोआप पडते, ही गोष्ट लक्षात ठेवली की गावातल्या निम्म्या औषधांचं रहस्य कळतं. कुणी हळद-खोबरेल लावतं, कुणी चुना, कुणी राख. शेवटी कोंबडी बरी होतेच, आणि श्रेय शेवटी जे लावलं त्याला मिळतं. हळद-खोबरेलाला माझा विरोध नाही, खपली मऊ राहते आणि नुकसान काही नाही. पण चुना डोळ्याजवळ नको, आणि रॉकेल तर कुठेच नको. विषाणूवर प्रतिजैविकं चालत नाहीत. फोडीत दुसरे जंतू शिरून पू झाला तरच डॉक्टर ती देतात, आणि ती त्यांनीच द्यावीत. डोळे सुजून मिटलेल्या कोंबडीला खरी गरज असते ती दाणा-पाणी चोचीपर्यंत नेऊन देणाऱ्या माणसाची. तिला दिसत नाही म्हणून ती उपाशी मरते, फोड्यांनी नाही.

धडधाकट कातडीतून हा विषाणू आत शिरू शकत नाही. त्याला जखम लागते. कोंबड्यांच्या झुंजीत ओरबाडलेला तुरा चालतो, टोचाटोचीतली चीर चालते, आणि सगळ्यात सोयीचा पडतो तो डास. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो, तसं इथे काही होत नाही. विषाणू नुसता सोंडेला लागून एका कोंबडीवरून दुसरीवर जातो. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर रोग वाढतो. पाटण, जावळी, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात डबक्यांना तोटा नाही, वाळवा-पलूसकडे उसाच्या सरीत पाणी साचलेलं असतं. जत, आटपाडी, माण, खटावात पाऊस कमी, म्हणून तिथे धोका नाही असं मात्र समजू नये. पाणी जपून ठेवण्यासाठी भरलेली पिंपं आणि उघडे हौद डासांना डबक्याइतकेच मानवतात. पिंपावर घट्ट फडकं बांधणं, आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासणं, संध्याकाळी खुराड्याला बारीक जाळी लावणं, एवढं केलं तर कोंबड्यांबरोबर घरातल्या माणसांचा डेंग्यूही टळतो.

आता खपली. आजारी कोंबडी बरी झाली की आपण निश्चिंत होतो, पण खपली पडली कुठे? खुराड्याच्या भुशात, धुळीत. तिच्यात विषाणू महिनोनमहिने जिवंत राहतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी बहुतेक विषाणूंचा जनुकीय धागा बिघडतो आणि ते संपतात. या पठ्ठ्याकडे मात्र त्यावरही तोड आहे. त्याच्या जनुकांत एका अशा विकराची (एन्झाइमची) कृती लिहिलेली आहे, जो प्रकाशाचीच ऊर्जा वापरून अतिनील किरणांनी बिघडलेला धागा दुरुस्त करतो. विषाणूंच्या जगात ही ऐट दुर्मीळच. तेव्हा "उन्हं दाखवली, झालं" एवढ्यावर भागत नाही. भुसा काढून जाळायचा, खुराडं खरवडून धुवायचं, कोरडं झाल्यावर चुन्याची सफेदी द्यायची. खपल्या नखाने उचकटायच्या नाहीत. कोंबडीला जखम होते आणि विषाणू खुराडंभर होतो, दोन्हीकडून तोटा.

देवीचा दुसरा प्रकार बाहेरून दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. तोंडात, घशात, श्वासनळीच्या तोंडाशी पिवळट थर साचतो. कोंबडी मान वर करून, चोच उघडी ठेवून श्वास घेते, घरघर ऐकू येते. अशा वेळी थर ओढून काढायला जाऊ नये, रक्त येतं आणि कोंबडी गुदमरते. तिला वेगळं ठेवून थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

थोडं विषयांतर. परसातल्या कोंबडीच्या या रोगाने माणसाच्या आरोग्याला मोठी देणगी दिली आहे. विषाणू जिवंत पेशींबाहेर वाढत नाहीत, त्यामुळे एकेकाळी लस बनवण्याइतके विषाणू शुद्ध रूपात मिळवणं फार अवघड होतं. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ॲलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी उबवणीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर विषाणू वाढवून दाखवला. तो होता याच कोंबड्यांच्या देवीचा. फ्लूच्या बऱ्याच लसी आजही अंड्यातच वाढवल्या जातात.

गाठींचा असाच दुसरा किस्सा न्यूयॉर्कचा. १९०९ मध्ये एका शेतकऱ्याने छातीवर गाठ असलेली प्लायमाउथ रॉक जातीची कोंबडी रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांच्याकडे आणली. राऊसनी गाठ वाटली, रस इतका गाळला की त्यात एकही पेशी उरली नाही, आणि तो निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तशाच गाठी आल्या. विषाणूने कर्करोग होऊ शकतो, हे १९११ मध्ये छापून आलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. राऊसना नोबेल मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

म्हणजे कोंबडीची गाठ कर्करोगाचीही असू शकते. परड्यात त्यातला जास्त भेटणारा प्रकार मरेक. हंगेरीच्या योझेफ मरेक यांनी १९०७ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. यात तुरा स्वच्छ असतो. गाठी पिसांच्या मुळाशी येतात, पिसं काढल्यावर कातडी दाणेदार दिसते. बऱ्याचदा त्याआधीच तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) लंगडायला लागते, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसते. उपचार नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून बाहेर येताच, पहिल्याच दिवशी द्यावी लागते. उबवणी केंद्रातून आणलेल्या पिल्लांना ती दिली आहे का, हे विचारून घ्यावं. घरी खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती सहसा मिळालेली नसते.

पायाच्या बाबतीत हिशेब वेगळा. तळव्यावर एकच गाठ, मधोमध काळी खपली, कोंबडी पाय टेकवत नाही: हा बहुतेक वेळा जिवाणूचा गळू. उंच दांडीवरून रोज फरशीवर उडी मारणाऱ्या जड कोंबड्यांना तो होतो. दांडी खाली घ्यावी, खाली भुसा टाकावा. गळू घरी ब्लेडने कापू नये. त्यातले जिवाणू माणसाच्या जखमेतही शिरतात, म्हणून हात लावताना हातमोजे घालावेत. नडगीवर खवले उचलले गेलेत आणि जुन्या भिंतीचा पोपडा सुटावा तशी पांढरट पापुद्र्याची साल आली आहे, तर ती खवल्यांखाली घर करणाऱ्या सूक्ष्म किडीची करामत. कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचा जाड थर काही आठवडे लावत राहिलं की कीड गुदमरते. आणि तुऱ्यावर, डोळ्याभोवती जी काळी ठिपक्यांची गर्दी गाठीसारखी वाटते, ती भिंग लावून बघा. कातडीत तोंड खुपसून बसलेल्या पिसवाही निघतात.

एक चित्र मात्र यांपैकी कशातच बसत नाही. काल चरणाऱ्या कोंबड्या आज मेलेल्या, तुरे निळे-जांभळे, तोंडं सुजलेली, एकामागून एक मर. तिथे गाठी शोधत बसायचं नाही. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलायची नाही, ओढ्यात फेकायची नाही, उरलेल्या बाजारात न्यायच्या नाहीत. बर्ड फ्लू असू शकतो, पशुसंवर्धन विभागाला त्याच दिवशी कळवायचं. एरवी निदान अडलं तर मेलेला पक्षी बर्फात घालून शवविच्छेदनाला नेता येतो. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून निघावं.

देवीची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात. पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ती तयार होते. पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचतात, पिसं आणि रक्तवाहिनी चुकवून. रोग सुरू झाल्यावरही ही लस वाया जात नाही, कारण तो सावकाश पसरतो. ज्यांना अजून फोड्या नाहीत त्यांना लगेच टोचलं तर त्यातल्या बऱ्याच वाचतात. अडचण वेगळीच आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा, आणि परड्यात कोंबड्या बारा. कुपी फोडून औषध कालवलं की ते काही तासांतच संपवावं लागतं. त्यामुळे दहा-पंधरा घरांनी एकच दिवस ठरवून पशुधन पर्यवेक्षकांना बोलावणं हाच व्यवहार्य मार्ग. लस दवाखान्यापासून वाडीपर्यंत बर्फाच्या डब्यातच यायला हवी. आणि टोचल्यावर सात ते दहा दिवसांनी पंख उचलून बघायचं. टोचल्या जागी छोटी सूज किंवा खपली दिसली तर लस लागली. बहुतेक कोंबड्यांच्या पंखावर काहीच नसेल, तर कुपी वाटेत तापली होती किंवा सुई चुकली होती, आणि पुन्हा टोचावं लागेल.